डोळ्यातला कीस

कल्पना,

दवाखान्यातून फोन आला, एमआरआयचं मशीन आजच मोकळं आहे. तू जयनगरहून यायच्या आत निघावं लागतंय. आपला सुहास बरोबर आहे, काळजी करत बसू नकोस. कुकर मी लावलाय.

काय यंत्र आहे गं! परवा दोन मिनिटं माझी वाचा गेली, तिचं कारण ते न कापता शोधणार. कारखान्यात पाइपात किती क्षार साचलाय हे बघायला आम्ही पाइपच कापायचो. हे लोक नुसत्या चुंबकाच्या जोरावर मेंदूतली धमनी थर साचून कुठे अरुंद झालीय ते बघतात.

आणि त्या डॉक्टरीणबाई यंत्राहून थोर. काल अंगठी-घड्याळ काढून ठेवायचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं ना, "सर, लेथवर काम करताना डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता का?" कण राहिला असेल तर चुंबक तो हलवतो, डोळा जाऊ शकतो. तू शेजारी होतीस म्हणून मी "नाही" म्हणालो. आज फोनवर खरं सांगितलं. आधी डोळ्याचा एक्स-रे काढणार आहेत.

कीस गेला होता, अडुसष्ट साली. काढला, पण पुरता निघाला की नाही कोण जाणे. तुला बघायला आलो तेव्हा डोळे आलेत असं सांगून काळा चष्मा लावून बसलो होतो, तो त्यामुळेच. तुझे बाबा नाही म्हणतील अशी भीती होती.

त्या दिवशी एकच डोळा उघडत होता. तुला बघायला तेवढा पुरला.

पद्माकर