उठू पाहणाऱ्या सर्व्हरच्या डोक्यात काठी

तीर्थस्वरूप मामांस भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामींना नवा चष्मा सोसला का, ते कळवा. मी ठीक आहे. ठीक नाही ते आमचं काम, आणि त्याला कारण तुमचे जावई. (राग मानू नका. हे वाक्य मी रोजनिशीत आधी सौम्य करून पाहिलं. सौम्य केलं की ते खोटं होतं.)

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, रात्री बंद असतो. सकाळी तो सुरू करायचा आणि पूर्ण जागा होईपर्यंत थांबायचं. हे थांबण्याचं काम करणारा प्रोग्रॅम जावईबापूंनी स्वहस्ते लिहिला. तो थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला विचारतो, झालास का तयार? 'अजून नाही' म्हटलं तर थांबतो. इथवर शहाणा. पण विचारता विचारता नेटवर्कची लाइन तुटली, तर हा धरून चालतो की सर्व्हरच मेला, आणि त्याला बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बेल वाजत नाही म्हणून दारातच घरमालकाच्या नावाने गळा काढण्यापैकी हे. त्यात आमची वायर चहाच्या खोलीच्या दाराखालून जाते. दार लावलं की ती चेंगरते आणि लाइन तुटते, उघडलं की पुन्हा जुळते. आणि सर्व्हरची उठण्याची वेळ तीच सगळ्यांची चहाची. म्हणजे बिचारा डोळे किलकिले करतो न करतो, तोच कोणीतरी कप घेऊन आत जातं आणि याच्या डोक्यात काठी बसते.

परवा पेशंटची रांग पार फाटकापर्यंत गेली. काउंटरवरच्या बाई (आम्ही त्यांना तोफ म्हणतो, पाठीमागे) येऊन म्हणाल्या, "उठतोय तोवर मारता, मग तो उठणार कधी? तुमच्या घरी मुलांना असंच उठवतात का?" जावईबापू शांतपणे म्हणाले, "प्रोग्रॅम बरोबर आहे. वायर कोणाकडे असते ते विचारा." वायरींची देखभाल माझ्याकडे असते. मी म्हटलं, वायर बदलतो, पण सोन्याची वायर टाकली तरी कधीतरी तुटणारच. तुटली तर पुन्हा जोडून पुन्हा विचारावं. सर्व्हर स्वतः 'मला जमत नाही' म्हणाला तरच त्याला हात लावावा. यावर ते म्हणाले, "तुम्ही फार विचार करता." आणि मला जुन्या फायलींच्या खोलीत टाकावं, असं त्यांनी मोठ्या साहेबांना सुचवलं. सोमवारी निर्णय आहे. हा माझा मत्सर तर नव्हे, असं मी स्वतःला विचारलं. आहे. पण प्रोग्रॅम त्याच्याशिवायही भिकार आहे.

शेवटी साहेबांना विचारून तो मीच दुरुस्त केला. आजपासून लाइन तुटली की तो न चिडता पुन्हा जोडतो आणि पुन्हा विचारतो. थांबणं कशाला म्हणतात, ते आता जावईबापूंना दिसेल.

मामींना नमस्कार.

आपला भाचा

ता. क. मोठे साहेब तुमचे शाळेपासूनचे मित्र. माझ्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द टाकलात तर फायलींची खोली टळेल.

ता. क. पुन्हा: पाकीट चिकटवणार तोच तोफ आली. "आज मारत नाही खरं, पण नुसताच विचारत बसलाय." जाऊन पाहिलं, तर चहाच्या किटलीसाठी कोणीतरी सर्व्हरचा प्लगच काढला होता. माझा प्रोग्रॅम सकाळपासून त्या निर्जीव डब्याला अतिशय सहनशीलतेने साद घालत होता. किती वेळ थांबायचं याची मर्यादा हवी, यावर मी रोजनिशीत पानंच्या पानं लिहिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती घालायची राहिली. रविवारी जावईबापूंचा नेहमीचा फोन येईल तेव्हा हे ते तिखटमीठ लावून सांगतील. (मी सांगतोच आहे, पण माझ्या तोंडून ते कमी वाईट वाटतं.) तर माझं नाव निघालं की फोन मध्येच कापा. ते लगेच पुन्हा लावतील आणि पहिल्यापासून सुरू करतील: नमस्कार, मग गुडघा, मग मामींचा चष्मा. माझ्या नावाशी आले की पुन्हा कापा. आधी कुठवर आलो होतो, हे त्या माणसाच्या कधी लक्षात राहत नाही.