बारा डब्यांची माळ

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,

सा. न. मामीलाही तितकाच, नाहीतर ती पत्र तुमच्या हाती पडू द्यायची नाही.

तुम्ही करून दिलेली बारा डब्यांची माळ धरणाच्या पोटातल्या बोगद्यात लावली. भिंतीतून किती पाणी झिरपतं ते प्रत्येक डबा मोजतो आणि दोन तारांवरून वरच्या खोलीत कळवतो. शेवटचे डबे अधूनमधून मुके होतात, पण खरं दुखणं बॅटरीचं आहे. महिनाभर पुरायला हवी ती तीन दिवसांत मान टाकते. मग नवी बॅटरी उचलून दोनशे दहा पायऱ्या उतरायच्या. माझी कंबर तुमच्या वयाची झाली आहे.

थोरल्या साहेबांनी सांगून टाकलंय, एप्रिलअखेरपर्यंत एक बॅटरी तीस दिवस चालली नाही तर माळ उतरवायची आणि पुन्हा वही-टॉर्च घेऊन फिरायचं. मामा, हे माझं पहिलं स्वतःचं काम आहे. ते उतरवताना बघणं मला जमणार नाही.

बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मीटर लावला तर दहा ओहम दाखवतो. हे बरोबर आहे का? फोनवर तुम्हांला निम्मंच ऐकू येतं, म्हणून लिहिते आहे.

तुमचा लोभ माझ्या बॅटरीपेक्षा जास्त टिकावा, ही विनंती.

तुमची,
ठिणगी

९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अ. आ. आणि मामीची तक्रार, की पत्रात जेवणाखाण्याबद्दल चकार शब्द नाही.

दहा ओहम वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. अगं, अशा तारांवर निरोप टोकापर्यंत जातो आणि आपटून परत येतो. तो तिथेच जिरावा म्हणून दोन्ही टोकांना एकशेवीस ओहमचा एकेक रेझिस्टर लावतात. दोनच. म्हणजे मीटरवर साठ यायला हवेत. दहा येतात याचा अर्थ बारा रेझिस्टर आहेत, डब्यागणिक एक. एक डबा बोलतो तेव्हा बारा तोंडं करंट खातात. कुणा शहाण्याने हा उद्योग केलाय त्याला शोध आणि त्याचा कान पिळ. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे कळतं.

इथवर लिहून चहाला उठलो. फळीवर जादा केलेला तेरावा डबा होता, तो सहज उघडला. आत रेझिस्टर आहे, आणि सोल्डरिंग माझ्या हातचं आहे.

तो शहाणा मीच. कुठला डबा टोकाला येईल ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांत बसवले, नंतर दहा काढू म्हणालो आणि साफ विसरलो. चाळीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवलं. हात थरथरतात हे मी मान्य केलं होतं, आता डोकंही गेलं. डाग द्यायची सोल्डरिंगची काडी मामीकडे दिली आणि माळ्यावर टाक म्हणालो. तू दुसरा चांगला माणूस बघ. फार वाईट वाटतंय गं.

तुझा,
मामा

२५ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,

सा. न. आणि थोडा राग.

आधी माझी चूक सांगते. पत्र लिहिण्यापूर्वी मी एक डबा उघडून पाहिला होता. रेझिस्टर दिसला. पण मामांनी बसवलाय म्हणजे काही कारण असणार, असं म्हणून झाकण लावलं. आणि डबे घेताना मी एकेक करून टेबलावर तपासले, बाराही एकत्र जोडून कधी पाहिलेच नाहीत. तपासणीच्या कागदावर सही माझी आहे. साहेबांना तसंच सांगितलं. त्यांनी आता बॅटरी किती दिवस जाते एवढंच विचारलं.

दहा काढले. मीटर साठ दाखवतो आणि मुके डबे घडाघडा बोलू लागलेत. बॅटरी अकरा दिवस गेली. अजून तीस नाहीत, मामा.

दुसरा चांगला माणूस बघितला. मिळाला नाही. काडी माळ्यावरून काढा.

रागावले तरी तुमचीच,
ठिणगी

२ मार्च

चि. ठिणगीस,

अ. आ.

काडी माळ्यावर गेलीच नव्हती. मामीने ती स्वयंपाकघराच्या खणात ठेवली होती. म्हणाली, पंधरा दिवसांत मागायला येणार हे मला माहीत होतं.

टोकाच्या प्रत्येक रेझिस्टरच्या पाठोपाठ एक छोटा कपॅसिटर जोड. निरोपाची उसळी जिरेल, पण तारेवरचा विजेचा दाब स्थिर झाला की त्यातून करंट वाहणार नाही. तुझे डबे सावकाश बोलतात, त्यामुळे चालून जाईल. अशा दोन जोड्या मीच करून पाठवल्या आहेत. अख्खी दुपार लागली, एक जळलीही. या वेळी बाराही डबे एकत्र जोडून बघ, आणि तुला काही खटकलं तर मला विचारायला कचरू नकोस.

तुझा,
मामा

९ एप्रिल

ती. स्व. मामांस,

सा. न. वि. वि. आज बत्तिसावा दिवस, आणि बॅटरी अजून शाबूत आहे.

साहेब स्वतः मीटर घेऊन खाली उतरले. वर आल्यावर धापा टाकत पाच मिनिटं नुसते बसून राहिले. मग दुसऱ्या बोगद्यासाठी आणखी बारा डबे हवेत म्हणाले आणि करतं कोण ते विचारलं. मी म्हटलं, माझे मामा. चुकतात, पण चूक स्वतः शोधून पत्रात लिहून पाठवतात. ते म्हणाले, मग त्यांनाच सांग.

सोबतच्या पाकिटात, काढलेल्या दहांपैकी सहा रेझिस्टर आहेत. दोन नव्या माळेच्या टोकांना लावा. चार तुमच्या टेबलावर ठेवा, पुन्हा विसरू नये म्हणून. उरलेले चार माझ्या टेबलावर आहेत, विचारायला कचरू नये म्हणून.

लोभ होता तसाच राहो,
तुमची ठिणगी