तीन मिनिटं अकरा सेकंद

३ मार्च
जुन्या जॅझ बँडांच्या अठरा रेकॉर्डी, एका अल्बमसाठी. खरखर काढायची, तडतड काढायची, वादकांचं खाकरणं मात्र ठेवायचं! सहा झाल्या. आमच्या संपादकांना मी मनात 'उद्या' म्हणते, कारण त्यांना सगळं उद्याच हवं असतं.

आज सातवी घेतली. बाबांची! सोळा जणांचा बँड आणि मधे चोवीस वर्षांच्या बाबांची क्लॅरिनेट. इतकं जलद माणसाच्या बोटांनी वाजतंच कसं, असं लोक अजून विचारतात. त्यानंतर वर्षभरात बाबांनी बँड सोडला आणि विमा कचेरीत चिकटले. का, तर शिखरावर थांबावं. हे आम्ही जन्मभर ऐकत आलोय.

५ मार्च
काहीतरी गडबड आहे. बँडच्या स्वरलिपीच्या कागदांवर पट्टी काळी पाच. रेकॉर्ड वाजते पांढरी एकमध्ये. अख्खा बँड एक स्वर वर चढेल कसा? पियानोच्या तारा कोणी ऐन वेळी पिळत नाही.

बाबांच्या कसं लक्षात आलं नाही? पण ते स्वतः ती रेकॉर्ड ऐकत कुठे बसतात! पाहुण्यांना लावून देतात आणि फेरी मारायला जातात. नम्रपणा, दुसरं काय.

६ मार्च
सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्रच संथ फिरत होतं. त्यामुळे रेकॉर्ड लावली की सगळं पळतं. वेग दुरुस्त केला — तीन मिनिटं अकरा सेकंदांची तीन चौतीस झाली. पियानो पियानोसारखा वाजायला लागला. क्लॅरिनेट गोड, नेटकी, छान. पण चमत्कार गेला.

७ मार्च
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सांगितलं. हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली, "त्यांचं तेवढं एकच आहे गं. राहू दे."

'उद्या'ही तेच म्हणाले — लोकांना हीच आवडते, हात लावू नका. म्हणजे गप्प बसायला सगळ्यांची परवानगी आहे. पण तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकीच्या वेगाच्या रेकॉर्डी तोंडावर परत केल्या. आता स्वतःच्या बापाची पाळी आली तर कानावर हात ठेवू?

८ मार्च
काम शून्य. नखं कुरतडली.

१० मार्च
शेवटी बाबांनाच ऐकवली. पुढे कुणी परक्याने दाखवून दिलं असतं तर मला ते सहन झालं नसतं. दुपारी त्यांना स्टुडिओत आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं, हेडफोन लावले. डोळे मिटून ऐकली. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा. तीन वेळा.

मग विचारलं, यंत्राचीच चूक, नक्की? मी कागद दाखवले. पट्टी दाखवली. घरी जाऊन आतल्या खोलीत बसले ते जेवायलाही उठले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाहीये. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला खरं सांगून मी काय मिळवलं? फार वाईट वाटतंय.

११ मार्च
सकाळी चहा घेताना बाबा आपणहून बोलले. रेकॉर्ड गाजल्यावर बँडमास्तर तालमीला घड्याळ लावून बसायचे — रेकॉर्डवर वाजवलंस तसंच वाजव! आठ महिने रोज सात-सात तास घासलं. जमलं नाही. हात गेला असं वाटलं, लाजेने बँड सोडला. शिखर वगैरे नंतर जुळवलेलं.

मग कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, म्हणजे मी रोज बरोबरच वाजवत होतो."