जिवंतांच्या रांगेत पहिलं नाव

काटानिया, १२ मार्च १९९८

प्रिय सावेताताईस,
सा. न. वि. वि.

इथे संत्री तोडायचा हंगाम संपत आला. मालकाकडे एक गाढव आहे, ते फक्त रविवारी ओरडतं. त्याच्यावर चार पानं लिहिली असती, पण मुद्दा राहील. मुद्दा असा की ईस्टरला घरी यावं म्हणतो. बाबा दारात उभं करतील का?

पाद्री व्हायची शाळा सोडून पळालो, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून बाबा रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी देतात त्या नावांच्या चिठ्ठीत, डावीकडे जिवंत, उजवीकडे मेलेले, मी कुठेच नसतो, असं तूच कळवलं होतंस. मेलेल्यांत तरी घाला म्हणावं, निदान प्रार्थना होईल!

नाही म्हणाले तर स्पष्ट लिही. मग पोर्तुगाल. तिथे मासे खारवायचं काम आहे म्हणे. स्मारांडाला पापा.

लोभ आहेच, तो सध्या या पत्त्यावर पाठव.
तुझा पाम्फिल

पोयेनी, ३० मार्च

चि. पाम्फिलास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना विचारायचं धाडस मला झालं नाही. ते तुझ्या पाच वर्षांच्या भाचीने, स्मारांडाने केलं. शनिवारी ते चिठ्ठी लिहायला बसले, तर ही म्हणते, आधी देवाचं नाव घाला. बाबा हसले. अगं, आपण त्याच्याकडे मागायचं, त्याच्यासाठी कुणाकडे मागणार? तर म्हणे, म्हणूनच तर! सगळे नुसते मागतात, बिचाऱ्याची विचारपूस कोण करतं? पोरीचं मन राखायला त्यांनी लिहिलं. मग तिने पामूमामा सांगितला. बाबांचा आवाज चढला. जो माझं ऐकत नाही, त्याचं नाव मी घालत नाही, म्हणाले. ही शांतपणे म्हणाली, तुमच्या गुडघेदुखीचं गाऱ्हाणं देव तरी कुठे ऐकतो? त्याचं घातलंत ना?

बायबल तोंडपाठ असलेल्या माणसाने पेन उचललं. तुझं नाव लिहिलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

काल रविवारी सकाळी देवाचं नाव काढून चिठ्ठी नव्याने लिहावी म्हणून ते कागद शोधत होते, तोवर हिने तीच चिठ्ठी चर्चमध्ये नेऊन दिली. आपले पाद्रीबाबा इलारिए वाचता वाचता झोपतात, तुला ठाऊकच आहे. त्यांनी तशाच पेंगेत खणखणीत वाचलं: देव, पाम्फिल, सावेता. आणि अख्ख्या गावाने सवयीने म्हटलं, प्रभू, यांच्यावर दया कर. देवाला देवावरच दया करायला सांगितली, आणि बाबा सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही!

परतताना ईस्टरचं विचारलं. मीच लिहीन, म्हणाले. तेव्हा त्यांच्या पत्राची वाट पाहा.

वेळेवर जेव, आणि ताईवरची माया पातळ करू नकोस.
तुझी सावेता

पोयेनी, ६ एप्रिल

पाम्फिल यास,

चिठ्ठीत नाव आलं म्हणून फुगू नकोस. शाळा सोडलीस ते चुकलंच. खाडाखोड केलेला कागद वेदीवर देणं बरं दिसत नाही, म्हणून कालही दोन्ही नावं तशीच ठेवली.

स्मारांडा आता म्हणते, नुसतं नाव वाचून काय होतं, जेवायला बोलवा. कुणाला, ते विचारायचं राहिलं. ईस्टरला कोकरू आहे. दोन ताटं जास्त मांडायला सांगितली आहेत.

एकाचा पाहुणा येईल की नाही, मला सांगता येत नाही. दुसरं रिकामं ठेवू नकोस.

बाबा