वरच्या तुकड्यातले सबंध बनियन

मी, खाली सही करणारी, वयाने थकलेली पण डोके ठिकाणावर असलेली बाई, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न थोरल्या मुलाने केला होता; त्याला चहा पाजून परत पाठवले. शेत त्याच्या नावे करणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

१. राहते घर थोरल्यालाच. मी आई आहे, त्याला उघड्यावर टाकणार नाही. त्याने न्हाणीघराचा गळका नळ मात्र बदलावा. "बघतो" म्हणून तो बरीच वर्षे नुसता बघतोच आहे.

२. माझ्या यजमानांचा विळा धाकट्या मुलीला. थोरल्याने त्याला हात लावू नये.

३. शेत. इथे सविस्तर लिहिते, कारण माझा संताप अजून उतरलेला नाही.

या जमिनीत काही धड येईना, तेव्हा ह्यांनी तिथे जळणाचे उंच गवत लावले. एकदा लावले की ते वर्षानुवर्षे फुटत राहते. "जळण पेरतोय!" म्हणून लोक हसले. ह्यांचा नियम एकच, गवत उभ्याने वाळू द्यायचे. वाळताना ते आपला कस मुळांत परत नेते. पाने गळतात आणि त्या पांघरुणाखाली गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव पोसले जातात. मग कोरडी ताटे कापून धुलाई कारखान्याच्या बॉयलरला द्यायची. ताटे आपली, पाने मातीची.

मातीत जीव किती आहे हे पाहायला हे दर हंगामात आपले एक सुती बनियन शेतात पुरत. काही महिन्यांनी उकरले की नुसत्या शिवणी हाती येत. "जेवली बघ पोरं," असे म्हणत. हे गेल्यावर कपाटात कोऱ्या बनियनांचे खोके सापडले. ते कोणाला देववेना. तेव्हापासून मी पुरते.

खुब्याच्या ऑपरेशननंतर मी धाकटीकडे राहिले. तेवढ्यात थोरल्याने गवत कुजवून गॅस करणाऱ्या प्लँटवाल्यांशी परस्पर बोलणी केली. त्यांना गवत हिरवेच लागते. वरचा तुकडा त्याने सलग काही हंगाम पानांसकट कापून नेला, तोही ओल्या मातीवर अवजड यंत्र फिरवून. खालच्या तुकड्याकडे जाणाऱ्या पुलावरून यंत्र जाईना, म्हणून तो वाचला. मी परत येऊन जाब विचारला.

"आई, माती म्हणजे माती. ती काय पळून जातेय?"

मी वाद घातला नाही. एकाच खोक्यातली दोन बनियने दोन तुकड्यांत पुरली. खालच्यातून शिवणी आल्या. वरच्यातून बनियन सबंध निघाले. मी ते धुतले, इस्त्री केली, कोणालाही घालता आले असते. धुताना मी रडले, आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही. ह्यांनी जन्मभर पोसलेली माती पोराने उपाशी ठेवली, आणि तीही माझ्या पाठीमागे.

ते बनियन त्याच्यापुढे ठेवले तर म्हणाला, "हे टेरिकॉटचं असेल."

आपला बाप अंगात काय घालायचा, हेसुद्धा ठाऊक नाही! शेजारच्या शिंपीणबाईंनी कापडातला धागा काढून जाळून दाखवला; तो वितळला नाही, सुतासारखी राख झाली, तेव्हा कुठे त्याने मानले.

म्हणून खालचा तुकडा धाकटीला, कायमचा. वरचा सध्या तिच्या ताब्यात राहील, पण राबायचे थोरल्याने. गवत उभ्याने वाळून पाने गळाल्याशिवाय त्याला पाते लावायचे नाही.

४. इस्त्री केलेले ते बनियन थोरल्याला.

५. खोक्यात उरलेली बनियनेही त्यालाच. घालायला नव्हे, पुरायला. दर हंगामात एक, वरच्या तुकड्यात, स्वतःच्या हाताने. उकरताना शिंपीणबाई हजर असाव्यात. ज्या दिवशी नुसत्या शिवणी निघतील, त्या दिवसापासून वरचा तुकडा त्याचा. खोके आधी संपले, तर त्याने अंगातले काढून पुरावे.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या माझ्यापेक्षाही कडक आहेत.

साक्षीदार:
शेजारच्या शिंपीणबाई (सही)
औषधांच्या दुकानाचे मालक (सही, वाचून गालात हसले, पण सही केली)

लिहून देणार: मी. (सही)

ठिकाण: माझ्याच स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: आजचा. गवत अजून हिरवे आहे. कापू नये.