मालकीणबाईंचा जबाब

अण्णा, अर्ज थांबवून ठेवला आहे. आज सकाळी परवाना कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी स्वतः फोन करून तसं सांगितलं, आणि दुपारी त्यांची ईमेलही आली. नाकारलेला नाही, मंजूरही नाही. नेदरलँड्समधून जर्मनी-बेल्जियमकडे मालाचे ट्रक न्यायचे तर जो परवाना लागतो, त्याचा हा अर्ज. कंपनी माझ्या नवऱ्याची आहे आणि वाहतूक व्यवस्थापक म्हणून नाव माझं आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. ट्रकचा धंदा आपल्या घरात पुन्हा येईल आणि पुन्हा माझ्याच नावावर येईल, असं तुम्हाला वाटलं नसेल. किंवा वाटलंही असेल. नाव देण्यात तुमचा हात नेहमीच सढळ होता.

नवरा इतकी वर्षं झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या इमारतींमध्ये बँकांचे कॉम्प्युटर सांभाळत होता. मागच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट संपलं, नवीन मिळेना. पन्नाशीत त्याने ठरवलं, की दोन ट्रक भाड्याने घ्यायचे आणि इथल्या काचघरांतले टोमॅटो, ढोबळी मिरची जर्मनीला पोचवायची. मी म्हटलं, "अरे, तुला सायकलचं पंक्चर काढता येत नाही." तो म्हणाला, "अगं, लॉजिस्टिक्स म्हणजे शेवटी सॉफ्टवेअरच." पण इथे परवान्यासाठी कंपनीत एक तरी माणूस वाहतूक व्यवस्थापनाची परीक्षा पास झालेला लागतो, आणि परीक्षा डचमध्ये. त्याचं ऑफिस कायम इंग्रजीत चाललं. गेमेंटेचं म्हणजे नगरपालिकेचं कार्यालय, मुलीची शाळा, डॉक्टर, हे सगळं माझ्याकडे, म्हणून डच मला येतं. तो दोनदा नापास झाला, मी दुसऱ्या खेपेला पास झाले. चालकाने किती तास चालवायचं, कधी थांबायचं, किती झोपायचं, हे सगळं मी पाठ केलं. निकाल आला त्या दिवशी तो खूश होऊन म्हणाला, "सुटलो! आता तू फक्त सही कर, बाकी मी बघतो." माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, तुमच्या तोंडून, आपल्या स्वयंपाकघरात.

तेव्हाचं सांगते. मला नुकतीच अठरा पूर्ण झाली आहेत. आई भाकरी थापते आहे. जादा माल भरल्याच्या केसेसमुळे आरटीओत तुमचं नाव खराब झालेलं, म्हणून नवी गाडी आणि तिचं नॅशनल परमिट माझ्या नावावर घ्यायचं ठरलं आहे. तुम्ही पिठाच्या डब्यावर कागद ठेवता आणि म्हणता, "कर सही." मी विचारते, "कशावर?" तुम्ही हसता. "वाचून काय करणार आहेस? लक्ष्मी घरात येतीया, दार उघड म्हणजे झालं." पुढच्या आठवड्यात गाडीच्या काचेच्या वरच्या पट्टीवर माझं नाव रंगवून घेतलंत, दोन्ही बाजूंना मोर काढून. सगळं गाव म्हणालं, लेकीवर काय जीव आहे. मीही तेच म्हणत होते. गाडी कोल्हापूरचा गूळ घेऊन गुजरातला जायची आणि माझं नाव मी कधी न पाहिलेल्या गावांतून फिरून यायचं.

मग तो मे महिना. आपले ड्रायव्हरमामा गुजरातहून परत आले होते. डोळे लाल, चेहऱ्यावर धूळ. त्यांनी तोंडसुद्धा धुतलं नव्हतं आणि तुम्ही मंगळूरचा माल भरायला घेतलात. मी कॉलेजातून ट्रकच्या अड्ड्यावर आले होते. मामा गाडीला टेकून उभ्याउभ्या पेंगत होते. मी म्हटलं, "अण्णा, मामांना आज झोपू द्या. उद्या जाईल गाडी." हमालांपैकी कोणीतरी म्हणालं, "मालकीणबाईंचा हुकूम झाला बघा!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. सगळ्यांच्या समोर म्हणालात, "नाव दिलंय तुला, गाडी दिली नाही. जा, चहाचं बघ." मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा गाडी निघाली होती, आणि मामांच्या वाटणीचा कप माझ्या हातात राहिला.

निपाणीच्या पुढे घाटात, भर उन्हात, गाडी कठड्यावर गेली. मामा वाचले. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. नोटीस माझ्या नावाने आली, कारण मालक मी होते. वकिलाने टाइप करून आणलेल्या जबाबात लिहिलं होतं, की निघण्यापूर्वी चालकाने पुरेशी विश्रांती घेतली होती आणि मालकाने तशी खात्री करून घेतली होती. मी सही केली. दोष मामांच्या निष्काळजीपणावर गेला, त्यांचं लायसन्स गेलं. पुढे ते स्टँडसमोर पानपट्टी घेऊन बसायचे. मी दिसले की म्हणायचे, "काय मालकीणबाई, अभ्यास चाललाय न्हवं?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तुम्ही त्या रस्त्याने जाणंच बंद केलंत. आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना, लग्नानंतर नवऱ्यालाही, हेच सांगत आले, की वडिलांनी पुढे ठेवलं त्यावर मी न वाचता सही केली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर दुसरं काय करणार?

गेल्या आठवड्यात परवाना कार्यालयातल्या बाई कापेल गावातलं आमचं ऑफिस बघायला आल्या. ऑफिस म्हणजे वखारींच्या रांगेतली एक खोली, दोन टेबलं आणि खिडकीतून दिसणारी ट्रकची मोकळी जागा. कागदावरचा व्यवस्थापक खरंच कारभार बघतो का, हे तपासणं त्यांचं काम. त्या मला विचारत होत्या आणि नवरा उत्तरं देत होता. मधेच तो मराठीत म्हणाला, "अगं, कॉफी आणतेस का जरा?" मी उठलेसुद्धा. बाईंना मराठी कुठलं कळायला, पण त्यांना कळलं. इथे बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं म्हणाल्या, "बसा मेव्राउ, कॉफी नको." मग वही मिटून त्यांनी विचारलं, "चालकाचे तास संपलेत, ग्राहक फोनवर ओरडतोय, माल नासतोय. गाडी कोण थांबवणार?" नवरा म्हणाला, "आम्ही दोघं मिळून ठरवू." त्या म्हणाल्या, "मी मेव्राउंना विचारलं." मी म्हटलं, "आत्ता तरी, तो. माझी फक्त सही आहे."

गाडीत बसल्यावर त्याने पट्टा ओढून लावला. मग म्हणाला, "एक वाक्य. एक वाक्य खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "एका माणसाचा पाय." त्याला वाटलं, मी पुन्हा तुमचं पुराण काढते आहे. घरी मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि फ्रीजमधलं दही काढता काढता म्हणाली, "बट बाबा, डिप्लोमा आईचा आहे, राइट? देन व्हाय आर यू द बॉस?" तो चिडला. दोन दिवसांनी त्याने परवाना मिळाल्यावरच्या गाड्यांचं वेळापत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात चालकाला झोप उरत नव्हती अशा दोन फेऱ्या मी खोडल्या. तो बघत राहिला, पण त्याने त्या परत लिहिल्या नाहीत. एवढ्यावर मी विश्वास ठेवावा का, मला माहीत नाही. तुमच्यामुळे ती सवय मला उरलेली नाही.

आता गुरुवारी दहा वाजता मला एकटीला बोलावलं आहे. तोच प्रश्न पुन्हा विचारतील, आणि मी जे म्हणेन त्यावर परवान्याचं ठरेल. "मी थांबवेन" असं म्हणायचं आहे. म्हणण्यापुरतं नव्हे, खरंच थांबवायचं आहे, नाहीतर त्याच खुर्चीत बसून नाही म्हणून यायचं आहे. मी सगळी कागदपत्रं लावून ठेवली आहेत. हे पत्र त्या फाइलमध्ये जाणार नाही, आणि दुसरीकडे पाठवायला पत्ता नाही.

पण जाण्याआधी एक सांगते. वकील जबाब घेऊन आला त्या दिवशी तुम्ही मला अड्ड्यावरच्या तुमच्या खुर्चीत बसवलंत. तोवर तिथे कोणी बसलं नव्हतं. बाहेर हाक मारलीत, "मालकीणबाईंसाठी चहा आणा रे." आणि सहीसाठी जबाब माझ्यापुढे ठेवून वकिलाला सोडायला रस्त्यापर्यंत गेलात. जबाब दीड पानाचा होता, अण्णा. चहा येईपर्यंत मी तो सगळा वाचला होता.