शेजार चांगला आहे

९ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधनाच्या काळात माणसानं स्वतःसाठी नोंदी ठेवाव्यात. पुढे कामाला येतात.

आकडे आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरची छत्तीस ऑपरेशनं, प्रत्येकाचा एक तुकडा. मी गाठीतल्या पेशी बघत नाही, त्या सगळेच बघतात. मी गाठीच्या भोवतालचं ऊतक बघतो. तिथली कोणती जनुकं जागी आहेत, कोणती झोपलेली. ज्यांचा आजार पुढे पसरला त्यांच्या गाठीशेजारी एकवीस जनुकं पेटलेली. ज्यांचा पसरला नाही तिथे सामसूम. पडद्यावर दोन वेगळे ढीग, मध्ये मोकळं मैदान. इतकं स्वच्छ चित्र आमच्या विभागात कुणी काढलेलं नाही.

१० जानेवारी
जेवताना हिला समजावून सांगितलं. पेशी वाईट नसते, शेजार वाईट असतो. ही म्हणाली, तुमच्या आईंचंही हेच मत होतं. मुलगा चांगला, संगत वाईट. संगत म्हणजे मी.
घरात शास्त्रीय वातावरण नाही.

२ फेब्रुवारी
दादाच्या रक्तात पीएसए सात, चारच्या आत हवं. आमच्याच हॉस्पिटलात बायॉप्सी. सर्जनला सांगून एक जास्तीचा तुकडा माझ्यासाठी घ्यायला लावला. मी स्वतः द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन टेबलाशी उभा. सुईतून तुकडा थेट डब्यात. एरवी नमुना ट्रेमध्ये असतो, कुणी मोकळं झालं की आमच्याकडे येतो. सख्ख्या भावाचा तुकडा तसा पडून राहू देणार नाही.
दादानं सारा जन्म आगीचा बंब चालवला. डब्यातून निघणारा धूर बघून पडल्या पडल्या विचारतो, कुठे लागलीये.

१६ फेब्रुवारी
कॅन्सर आहे. मध्यम प्रतीचा, अजून ग्रंथीच्या आत. सर्जनचं मत, आत्ता काढला तर पूर्ण निघेल.
मी माझी तपासणी लावली. एकवीसच्या एकवीस जनुकं गाढ झोपेत. छत्तीस जणांत इतका शांत शेजार कुणाचा नाही. दादा शाळेत कधी पहिला आला नव्हता.

२० फेब्रुवारी
दादाकडे बैठक. वहिनींचं म्हणणं, सर्जन सांगतात तसं करावं. दादाला ऑपरेशनची धास्ती, नंतर लघवीवर ताबा राहत नाही म्हणून. म्हणाला, जन्मभर पाणी हवं तेव्हा सोडलं, हवं तेव्हा बंद केलं, आता म्हातारपणी नळ गळायला नको. वहिनी हसल्या नाहीत.
मी सांगितलं, शेजार चांगला आहे. कापायची गरज नाही, नजर ठेवू. वहिनींनी विचारलं, ही तपासणी आणखी कोण करतं. म्हणालो, अजून कुणी नाही, म्हणूनच ती सगळ्यांच्या पुढची आहे. त्या म्हणाल्या, पुढची असेल, पण मागे कुणी येतंय का ते बघा. दादानं त्यांना गप्प केलं. म्हणाला, हा नळ्यांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही, पण घरचा आहे.
निर्णय झाला. सर्जनला मीच फोन केला. त्यानं बराच वाद घातला. सर्जन लोकांना सुरी चालवल्याशिवाय चैन पडत नाही.

११ मे
शोधनिबंध नियतकालिकाला पाठवला. परदेशात भाषणाला बोलावणं येणार हे गृहीत धरून संकल्प: वजन कमी करणे, कोट शिवणे. कोट आधी शिवला तर वजन कमी करावंच लागेल. आधी कोट.

३ ऑगस्ट
दादाचं पीएसए अकरा. दादा रोज सायकल चालवतो, सीटचा दाब पडत असणार. सायकल बंद करायला सांगितली. सर्जनला पुन्हा बायॉप्सी हवी आहे. म्हणालो, तीन महिने थांबू. सायकल बंद केल्याचा परिणाम दिसू दे.

२९ ऑगस्ट
निबंधावर दोन परीक्षकांची मतं. पहिला खूश. दुसऱ्याचा एकच प्रश्न: तुकडा शरीरातून निघाल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला?
अशी माणसं सगळ्या क्षेत्रांत असतात. लग्नाला बोलवा, तर मांडवाचा खांब तपासतील.

४ सप्टेंबर
थिएटरच्या नर्सला सहज विचारलं. ती म्हणाली, वाईट केसची ऑपरेशनं लांबतात, संध्याकाळ होते, ट्रे तसाच पडून असतो. साधी केस सकाळीच आटपते, तुमचा माणूस लगेच घेऊन जातो. मग म्हणाली, का, काही बिघडलं का.
म्हणालो, काही नाही.

२२ सप्टेंबर
परीक्षकाचं तोंड बंद करायला प्रयोग केला. एकच ताजा तुकडा, चार भाग. एक लगेच गोठवला, बाकीचे टेबलावर ठेवले, कमी-जास्त वेळ. लगेच गोठवलेला शांत. जो जितका पडून राहिला, तितकी त्याची जनुकं जास्त पेटलेली. तीच एकवीस.
रक्तपुरवठा तुटला की ऊतक घाबरतं, जनुकांतून ओरडतं. माझी तपासणी ते ओरडणं मोजते. कॅन्सर मोजत नाही.
हा अर्थात स्वतंत्र शोध आहे. यावर वेगळा निबंध होईल. आधीचा निष्कर्ष चुकला असं म्हणता येत नाही. तो दुसऱ्या विषयावर होता.

२३ सप्टेंबर
दादाचा तुकडा सगळ्यांत शांत होता. कारण मी डबा घेऊन टेबलाशी उभा होतो.
दादाचा शेजार चांगला आहे की वाईट, हे मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं.
त्याची तब्येत उत्तम आहे. परवा जिना न थांबता चढला. तरी आजच फोन करून सगळं सांगणार, आणि सर्जनकडे जा म्हणणार.
फोन केला. वहिनींनी उचलला. हवेबद्दल बोललो. हवा बरी आहे.

११ ऑक्टोबर
अशा गोष्टी फोनवर सांगू नयेत. समोरासमोर सांगाव्यात. पुढच्या रविवारी जातो.

१८ ऑक्टोबर
गेलो. दादा स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होता. उंचावर असलेल्या माणसाला धक्का देणारं काही सांगू नये. खाली उतरला तर कमरेला हात लावून. म्हणाला, पाठ धरलीये पंधरा दिवस, तुझा शेजार चांगला आहे, पण घरमालक म्हातारा झाला. मी हसलो. मलम लावायला सांगितलं.
दोघं मिळून सर्जनकडे जाऊ असंही सुचवलं, नेहमीची तपासणी म्हणून. दादा म्हणाला, तूच तर म्हणालास गरज नाही. पुढे बोलणं वाढलं नाही.

१२ नोव्हेंबर
पाठ थांबेना, म्हणून वहिनीच त्याला घेऊन गेल्या. मला संध्याकाळी कळवलं. पीएसए चाळीसच्या वर. स्कॅनमध्ये कणा, बरगड्या, खुबा.
सर्जनला भेटलो. तो मला काय विचारेल याची तयारी करून गेलो होतो. शास्त्रात अनिश्चितता असते, नमुन्यांची संख्या लहान होती, वगैरे. त्यानं काहीच विचारलं नाही. पुढच्या औषधांबद्दल बोलला. रोग आता आवरता येईल, काढता येणार नाही. किती दिवस, ते औषधावर. तयारी वाया गेली.

१४ नोव्हेंबर
निबंध मागे घेतला. पत्रात कारण लिहिलं: कौटुंबिक.
हिनं विचारलं, दादांना तुम्ही सांगितलं होतं ना, थांबा म्हणून. म्हणालो, तो सामूहिक निर्णय होता. ही उठून आत गेली.

३० नोव्हेंबर
दादा वॉर्डात. पाठीवर रेडिएशन सुरू आहे. दादानं नर्सला माझी ओळख करून दिली, हा माझा धाकटा, कॅन्सरमधला मोठा माणूस, काही अडलं तर याला विचारा. नर्सनं मान डोलावली.
आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाक्यंही पाठ केली होती. पहिलं वाक्य होतं, दादा, माझी चूक झाली. मी खुर्ची पुढे ओढली, तेवढ्यात दादानंच विषय काढला. म्हणाला, तेव्हा कापलं असतं तरी हेच झालं असतं ना रे?
वहिनी खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळल्या.
मी म्हणालो, हो. हेच झालं असतं.
दादा त्यांना म्हणाला, बघ, मी काय सांगत होतो, उगाच पोरावर राग धरून बसलीस. वहिनींनी थर्मास उघडला आणि मला चहा ओतून दिला. बारा तारखेनंतर पहिल्यांदा.
गार होता. प्यायलो.